संघ कोणाचा, शैली कोणाची?

गोव्यात फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक मिळाला, की दोन प्रश्नांवरून वादाला तोंड फुटते. त्याने कोणते खेळाडू आणले हा पहिला, आणि तो संघाला कोणत्या पद्धतीने खेळवणार हा दुसरा. मडगावच्या बाजारात हा वाद चालतो, म्हापशाच्या बसमध्ये चालतो, आणि सकाळी पोदेर पाव देऊन जाईपर्यंत दारात उभ्या असलेल्या दोन शेजाऱ्यांतही चालतो. ज्यांना खेळात रस नाही त्यांना हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. संघाचे मालकही तोंडाने समर्थकांना ‘संघाचा आत्मा’ म्हणत असले, तरी मनातून त्यांचे मत याहून फारसे निराळे असते असे त्यांच्या वर्तनावरून दिसत नाही. पैसा मालकाचा, डावपेच प्रशिक्षकाचे आणि पाय खेळाडूंचे. मग तिकीट काढून येणाऱ्या माणसाचा या व्यवहारात संबंध तो काय, असा हा हिशेब आहे. हिशेब म्हणून तो बिनचूक आहे. पण फुटबॉलचा संघ केवळ या हिशेबावर उभा राहत नाही, हे एफ. सी. गोवा या संघाच्या २०१७ ते २०२१ या चार वर्षांच्या इतिहासाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशानेही दाखवून दिलेले नाही.

त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गोव्यात फुटबॉल हा दूरचित्रवाणीने आणलेला खेळ नव्हे. १८८३ साली शिवोलीला एका पाद्रीने तो प्रथम आणला असे सांगतात. तेव्हापासून चर्चसमोरच्या पटांगणात, भातकापणी झालेल्या शेतात आणि गावोगावच्या स्पर्धांत तो रुजत गेला. राष्ट्रीय पातळीवर गोव्याने जे कमावले, तेही थोडेथोडके नव्हे. साळगावकर संघाने १९९९ साली राष्ट्रीय लीग जिंकली. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखालच्या धेंपो संघाने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवले. चर्चिल ब्रदर्सने ते दोनदा मिळवले. हे संघ खाणमालकांचे आणि उद्योगपतींचे होते; पण त्यांत खेळणारी बरीचशी मुले शेजारच्या वाड्यावरची होती आणि त्यांचे चुलते, मामा प्रेक्षकांत बसलेले असत. संघनिवडीवर टीका करण्याचा प्रेक्षकाचा अधिकार त्या काळी कोणाला सिद्ध करून दाखवावा लागत नव्हता.

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि हे चित्र पालटले. एफ. सी. गोवा हा नवा संघ जन्माला आला. त्याच्या पहिल्या प्रवर्तकांत धेंपे आणि साळगावकर घराण्यांतले उद्योगपतीच होते, हा योगायोग विसरण्यासारखा नाही. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, राष्ट्रीय महासंघाने आखलेल्या नव्या रचनेचा निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि धेंपो हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. चार-पाच देवळांतले देव हलवून एकाच गाभाऱ्यात आणून बसवावेत तसे झाले. भक्त तेच राहिले. पण कौल लावायचा तो कोणासमोर, हे त्यांना नव्याने शिकावे लागले.

नव्या संघाने आरंभी मोठ्या नावांचा मार्ग धरला. ब्राझीलचे झिको प्रशिक्षक म्हणून आले. फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघातला रॉबर्ट पिरेस आणि ब्राझीलच्या विश्वविजेत्या संघातला लुसिओ फातोर्ड्यावर उतरले. ब्राझीलच्या सामन्यासाठी रात्रभर जागणाऱ्या गोव्याला याहून मोठी मेजवानी कोणती? २०१५ चा अंतिम सामना फातोर्ड्यावरच झाला आणि शेवटच्या काही मिनिटांपर्यंत गोवा २-१ असा पुढे होता. मग आपल्याच गोलरक्षकाकडून झालेला गोल आणि पाठोपाठ जादा वेळेतला आणखी एक, अशा रीतीने चेन्नईने तो सामना ३-२ ने नेला. पुढच्या वर्षी गोवा तक्त्याच्या तळाला गेला आणि झिको पर्व संपले. या तीन वर्षांत समर्थकांमध्ये वाद झाले, पण ते नावांचे वाद होते. अमुक किती मोठा, तमुक किती म्हातारा झाला, एवढीच त्यांची धाव होती. संघ कसा खेळतो याला एक निश्चित उत्तर नसल्यामुळे त्यावर भांडणेही शक्य नव्हते.

ते उत्तर २०१७ च्या उन्हाळ्यात सर्जिओ लोबेरा या चाळिशीतल्या स्पॅनिश प्रशिक्षकाबरोबर आले. लोबेरा बार्सिलोनाच्या शाळेत तयार झालेले. तिथल्या युवा संघांना त्यांनी शिकवले होते आणि काही काळ मुख्य संघाच्या प्रशिक्षकांचे साहाय्यक म्हणूनही काम केले होते. त्यांनी आणलेल्या खेळाडूंची यादी जाहीर झाली तेव्हा फातोर्ड्याने कपाळाला आठ्या घातल्या. कोरोमिनास, लान्झारोते, एदू बेदिया, मोरोक्कोचा अहमद जाहू: पिरेस आणि लुसिओ यांच्या तुलनेत ही नावे कोणाला ठाऊक होती? त्यातला फेरान कोरोमिनास, म्हणजे पुढे गोव्याचा लाडका झालेला ‘कोरो’, चौतिशी गाठलेला. एस्पान्योल संघाला २००६ साली शेवटच्या क्षणी गोल करून त्याने स्पेनच्या पहिल्या श्रेणीत टिकवले होते खरे, पण त्यालाही अकरा वर्षे उलटून गेली होती. सायप्रसमधून आलेला हा माणूस इथे निवृत्तिवेतन घ्यायला आला आहे, अशी थट्टा तेव्हा सहज खपून गेली असती.

कोरोने पहिल्याच हंगामात अठरा गोल केले. दुसऱ्यात सोळा, तिसऱ्यात चौदा. पहिल्या दोन्ही हंगामांत तो लीगमधला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. नाव ऐकून खेळाडूची किंमत ठरवण्याची समर्थकांची सवय त्याने एका वर्षात मोडून काढली. नव्या भरतीवरच्या वादात ही गोष्ट आजही आठवली जात नाही, याचे नवल वाटते.

शैलीचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटणारा नव्हता. लोबेरांचा खेळ समजायला अवघड नाही, पचवायला अवघड आहे. चेंडू गोलरक्षकापासूनच छोट्या पासांनी पुढे न्यायचा. तो उंच भिरकावून सुटका करून घ्यायची नाही. बचावफळीने आपल्या गोलपाशी दबा धरून न बसता मध्यरेषेच्या जवळ येऊन उभे राहायचे, म्हणजे सारा संघ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतो आणि चेंडू हातचा गेला तर तिथल्या तिथे परत मिळवता येतो. हे साधले, की प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. फसले, की बचावफळीच्या मागे निम्मे मैदान मोकळे पडते आणि त्या मोकळ्या मैदानात एकटा गोलरक्षक उभा असतो. पहिल्या हंगामात गोव्याने अठरा साखळी सामन्यांत ४२ गोल केले आणि २८ खाल्ले. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी फातोर्ड्यावर बंगळुरूचा ४-३ असा पराभव झाला, कोरोने तीन गोल केले. त्या रात्री घरी परतणाऱ्यांपैकी अर्धे लोक चार गोलांविषयी बोलत असतील, तर उरलेले अर्धे तीन गोलांविषयी.

हाच तो वाद. एका बाजूला जुने जाणते प्रेक्षक होते. गोलरक्षकाने पायाशी चेंडू घेऊन इकडेतिकडे पाहायला सुरुवात केली, की त्यांच्या छातीत धडधड होई. मागे दोन माणसे ठेवा, आधी आपले घर राखा, मग दुसऱ्याच्या घरावर चालून जा, हा त्यांचा साधा सल्ला होता आणि तो चुकीचाही नव्हता. दुसरी बाजू तरुणांची. त्यांचे म्हणणे असे, की असा खेळ गोव्याच्या रक्तातच आहे. हरलो तरी असेच हरू. यांतला गमतीचा भाग हा, की जुन्या जाणत्यांनी ज्याला परदेशी थेर म्हटले, ते फातोर्ड्याला अगदी अनोळखी नव्हते. कुलासो यांचा धेंपो संघ त्याच्या ऐन भरात चेंडू जमिनीवर ठेवून, फिरवून खेळत असे. लोबेरांनी गोव्याला नवे काही दिले असेल तर ते त्या आवडीला दिलेले शिस्तीचे शास्त्र. लोकांनी ते इतक्या लवकर आपलेसे केले याचे कारणही हेच असावे.

दुसऱ्या हंगामात बचाव सुधारला. २८ ऐवजी २० गोल खाल्ले. मार्च २०१९ मध्ये उपान्त्य फेरीत गोव्याने मुंबई सिटीला तिच्या घरी, अंधेरीच्या मैदानावर, ५-१ असे चीत केले. आठवड्याभराने अंतिम सामनाही मुंबईतच झाला. तिथे बंगळुरूने गोव्याला ११७ व्या मिनिटापर्यंत झुलवले आणि मग राहुल भेके या मुंबईच्या मुलाने कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर डोके लावून गोव्याच्या तोंडचा घास काढून घेतला. पुढच्याच महिन्यात सुपर कप मिळाला. तरी सुंदर खेळ आणि रिकामे कपाट हे शब्द गोव्यात जोडीनेच उच्चारले जाऊ लागले.

मग ३१ जानेवारी २०२० उजाडला. तिसऱ्या हंगामाचे तीनच साखळी सामने उरले होते. गोवा तक्त्यात अव्वल होता. त्या दिवशी लोबेरांना पदावरून दूर करण्यात आले. मतभेदांच्या बातम्या छापून आल्या. पण अव्वल असलेल्या संघाचा प्रशिक्षक हंगामाच्या तोंडाशी का जातो, याचे समर्थकांना पटेल असे उत्तर काही मिळाले नाही. साहाय्यक प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा, हे स्वतः धेंपोचे जुने खेळाडू, यांच्याकडे सूत्रे आली. उरलेल्या तीन सामन्यांत गोव्याने हैदराबादला चार, मुंबईला पाच आणि जमशेदपूरला पाच, असे चौदा गोल केले. ३९ गुण आणि ४६ गोल घेऊन साखळीचे विजेतेपद गोव्याने पटकावले, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट स्थान मिळवणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान त्याच्याकडे चालत आला. बाद फेरीत चेन्नईने दोन सामने मिळून ६-५ असे हरवले, हा भाग वेगळा.

त्या तीन सामन्यांकडे दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने बोट दाखवले आहे. मालकांचे समर्थक म्हणतात, पाहा, प्रशिक्षकावाचून काही अडले नाही. लोबेरांचे समर्थक म्हणतात, घडी त्यांनीच इतकी नीट बसवली होती, की ती तीन आठवडे आपसूक चालली. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण तिसरे आणि अधिक महत्त्वाचे तथ्य या दोघांनी नजरेआड केले. ती घडी चालवणारा माणूस गोव्याचा होता.

यानंतर जे घडले ते नाटककाराने लिहिले असते तर अतिरंजित म्हणून परत आले असते. २०२० च्या उत्तरार्धात लोबेरा मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले. मँचेस्टर सिटीच्या मालकसमूहाने नोव्हेंबर २०१९ मध्ये या क्लबचे बहुसंख्य भाग घेतले होते, तेव्हा पैशाची वाण नव्हती. लोबेरांच्या मागोमाग गोव्याचा मध्यफळीतला आधारस्तंभ अहमद जाहू गेला. बचावातला मुर्तदा फॉल गेला. आदल्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला ह्यूगो बूमूस करारातली सुटकेची रक्कम मोजून नेला गेला. परदेशी खेळाडू जाणारच, असे मनाचे समाधान करता येते. पण पहिल्या हंगामापासून गोव्याच्या रंगात खेळलेला, आघाडीच्या बगलेवरून बचावात आणून लोबेरांनी नव्याने घडवलेला मंदार राव देसाईही मुंबईला गेला. कोविडच्या साथीमुळे त्या हंगामाचे सगळे सामने गोव्यातल्याच तीन मैदानांवर, रिकाम्या प्रेक्षागारांसमोर खेळवण्यात आले. मार्च २०२१ मध्ये उपान्त्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टींवर ६-५ असे हरवले. १३ मार्चला फातोर्ड्यावरच तिने अंतिम सामना जिंकला. साखळी आणि करंडक एकाच हंगामात मिळवणारा तो पहिला संघ. गोव्याने तीन वर्षे ज्या शैलीसाठी भांडण केले, त्या शैलीचा राज्याभिषेक गोव्याच्या मैदानात झाला, आणि तो पाहायला मैदानात गोवेकर नव्हता.

मुंबईत आनंद झाला, आणि तो होणे योग्यच होते. सात हंगामांतले ते तिचे पहिले विजेतेपद. परंतु तिथल्या चोखंदळ समर्थकांना एक प्रश्न टोचल्यावाचून राहिला नसेल. रणजी करंडकात मुंबईचा संघ जिंकतो, तेव्हा ‘खडूस’ हा शब्द शिवी म्हणून नव्हे, तर कौतुक म्हणून वापरला जातो. कारण ती वृत्ती शिवाजी पार्क आणि आझाद मैदानाच्या मातीत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शाळकरी सामन्यांत तयार झाली आहे. २०२१ च्या फुटबॉल संघाची वृत्ती कुठल्या मैदानात तयार झाली होती? फातोर्ड्याच्या. आयते घर विकत घेता येते, त्याला आपली पाटीही लावता येते. पण अंगणातले झाड कोणी लावले, हे शेजारी विसरत नाहीत. २०२३ मध्ये लोबेरा ओडिशाला गेले आणि जाहू व फॉल तिथेही त्यांच्यामागे गेले. पुढच्या वर्षी बूमूस गेला. तांडा पुढे सरकला. असे करण्यात त्यांचा कोणताही अपराध नाही. व्यावसायिक खेळाडू आणि प्रशिक्षक यांनी आपले हित पाहायचे नाही, तर पाहायचे कोणी?

म्हणूनच गोव्यातल्या वादाचा निवाडा व्यक्तींच्या बऱ्यावाईटपणावर होऊ शकत नाही. तिथे तीन पक्ष दिसतात. पहिला म्हणतो, करंडक आणा, कसाही आणा. दुसरा म्हणतो, सुंदर खेळा, करंडक आपोआप येईल. न आला तरी चालेल. तिसरा म्हणतो, आपली मुले खेळवा. पहिल्या पक्षाला उत्तर देण्यात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ज्याला केवळ जिंकणाऱ्याच्या बाजूला उभे राहायचे आहे, त्याने गोव्याचीच बाजू का घ्यावी हे त्याला स्वतःलाच सांगता येणार नाही. दुसरा पक्ष मोहक आहे, पण तो सौंदर्य कोणाच्या हाताने घडते आणि ते हात किती दिवस इथे राहणार, हे विचारत नाही. तिसरा पक्ष सत्याच्या सर्वांत जवळ आहे आणि तरीही त्याची मागणी जशी मांडली जाते तशी मान्य करता येत नाही. अकरांत इतके गोवेकर पाहिजेत, अशी संख्या ठरवून देणे हा उपाय नव्हे. तसल्या राखीव जागांवर खेळणाऱ्या मुलाला आपण आपल्या गुणांवर इथे आहोत ही खात्री कधीच मिळत नाही.

खरी कसोटी निराळी आहे. बाहेरून आणलेल्या खेळाडूमुळे त्याच्या शेजारी खेळणारा इथला मुलगा सुधारला, की त्याची जागा गेली? या कसोटीवर लोबेरांच्या तीन वर्षांचा जमाखर्च संमिश्र निघतो. जमेच्या बाजूला मंदार आहे, ब्रँडन फर्नांडिस आहे, उजव्या बगलेवरचा सेरिटन फर्नांडिस आहे, बाहेर नाव कमावून घरी परतलेला लेनी रॉड्रिग्ज आहे. बेदिया आणि जाहू यांच्या सोबतीने खेळताना ब्रँडनच्या नजरेला जी शिस्त आली, ती एरवी आली असती असे छातीठोकपणे कोणी म्हणणार नाही. खर्चाच्या बाजूला मात्र एकच नाव पुरेसे आहे. दवर्लीचा लिस्टन कुलासो. डाव्या बगलेवरून आत घुसून दुरून गोल मारणारा हा मुलगा फातोर्ड्यापासून हाकेच्या अंतरावर वाढला. एफ. सी. गोव्यात असताना त्याला मैदानावर उतरण्याची संधी क्वचितच मिळाली. त्या आघाडीत जागाच नव्हती. जानेवारी २०२० मध्ये तो हैदराबादला गेला, तिथे बहरला आणि २०२१ मध्ये कोलकात्याच्या एटीके मोहन बागानने त्याच्यासाठी अशी रक्कम मोजली, की तिची देशभर चर्चा झाली. त्याला वगळण्याचा निर्णय त्या त्या सामन्यापुरता बरोबरही असेल. पण ज्या शैलीचे गोडवे आपण गोव्याची शैली म्हणून गातो, तिच्यात दवर्लीच्या मुलाला जागा सापडू नये, याबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्क दवर्लीला होताच. हा प्रश्न विचारणाऱ्याला प्रांतीय म्हणून हिणवणे सोपे आहे. त्याला उत्तर देणे कठीण.

शैली बाहेरून येते म्हणून ती परकी ठरते, असे मात्र गोव्याने तरी म्हणू नये. अल्लादियाखाँसाहेब काही गोव्याचे नव्हते. राजस्थानातून ते आले, कोल्हापूर दरबारी राहिले, मुंबईत शिकवले. पण केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांनी त्यांची गायकी अशी आत्मसात केली, की जयपूर घराण्याचे नाव काढताच आज पहिल्यांदा गोव्याची आठवण व्हावी. मोगूबाईंनी ती किशोरीताईंना दिली, आणि किशोरीताईंनी तिला स्वतःचे वळण दिले. गायकी बाहेरून आली, इथे शिष्य मिळाले, शिष्यांना पुढे शिष्य मिळाले. फुटबॉलमध्ये वेगळे काही घडण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की उस्ताद मैफल करून बिदागी घेऊन गेला, की गंडा बांधून कोणाला तरी शिकवून गेला?

लोबेरांच्या बाबतीत याचे उत्तर अगदीच निराशाजनक नाही, आणि ते उत्तर क्लिफर्ड मिरांडा यांच्या रूपाने समोर आहे. तीन सामने चौदा गोलांनी जिंकून देणाऱ्या या माणसाला गोव्याने मुख्य प्रशिक्षक केले नाही. एप्रिल २०२३ मध्ये ओडिशा संघाने त्यांच्यावर तात्पुरती जबाबदारी टाकली आणि त्यांनी बंगळुरूला २-१ असे हरवून सुपर कप जिंकून दिला. म्हणजे शिष्य तयार झाला होता. तो वापरला दुसऱ्यांनी.

गोव्याच्या व्यवस्थापनाला न्याय देऊन हेही सांगितले पाहिजे, की लोबेरा गेल्यावर त्याने शैली टाकून दिली नाही. हुआन फेरांदो हे दुसरे स्पॅनिश प्रशिक्षक आणले. चेंडू पायाशी ठेवून खेळण्याचा हट्ट कायम राहिला. इगोर आंगुलो या नव्या आघाडीच्या खेळाडूने पहिल्याच हंगामात चौदा गोल केले. एप्रिल २०२१ मध्ये फातोर्ड्यावर झालेल्या आशियाई सामन्यांत तर गोव्याने बघणाऱ्यांना चकित केले. फ्रान्सचा माजी विश्वविजेता लॉराँ ब्लाँ प्रशिक्षक असलेल्या कतारच्या अल् रय्यानशी दोनदा बरोबरी, अमिरातीच्या अल् वाहदाशी एक बरोबरी, इराणच्या बलाढ्य पर्सेपोलिसविरुद्ध बेदियाने केलेला गोल, आणि त्या सगळ्यांत धीरज सिंग या कोवळ्या गोलरक्षकाने अडवलेले फटके. सहा सामन्यांत तीन गुण. आकडा लहान आहे. पण तोवर कोणत्याही भारतीय क्लबला तिथवर पोचताही आले नव्हते. बिकट प्रसंगीही चेंडू भिरकावून न देणाऱ्या त्या अकरा जणांना पाहून फातोर्ड्याचे दोन्ही पक्ष पहिल्यांदा एकमताने, घरच्या पडद्यासमोर, उभे राहिले असतील. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ड्युरँड चषक आला. आणि डिसेंबरात फेरांदोही हंगाम अर्ध्यावर टाकून मोहन बागानला गेले. करारातल्या सुटकेच्या कलमाने ते शक्य झाले. डेरिक परेरा यांनी मोडका हंगाम सावरण्याचा प्रयत्न केला. गोवा नवव्या स्थानावर राहिला.

एकदा मालकाने प्रशिक्षकाला घालवले, एकदा प्रशिक्षक मालकाला सोडून गेला. दोन्ही वेळी ज्यांना शेवटी कळले ते समर्थक होते. प्रत्येक नव्या प्रशिक्षकाने पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची आणि प्रेक्षकांनी पुन्हा नवी नावे पाठ करायची, हे चक्र थांबवायचे तर दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत, आणि दोन्हींना फारसा पैसा लागत नाही. पहिली, मुख्य प्रशिक्षक कोणीही असो, त्याच्या शेजारी बसणारा साहाय्यक आणि युवा संघांचे शिक्षक गोव्याचे असावेत आणि त्यांचे करार मुख्य प्रशिक्षकाच्या करारापेक्षा लांब मुदतीचे असावेत, म्हणजे उस्ताद गेला तरी चीज विसरली जाणार नाही. एफ. सी. गोव्याच्या दुसऱ्या फळीच्या संघाने २०१८-१९ मध्ये गोवा प्रोफेशनल लीग जिंकली होती; तेव्हा पाया नाही अशी सबब चालणार नाही. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी पाचऐवजी चारच परदेशी खेळाडू उतरवण्याचा नियम आल्यावर तर या पायाची किंमत वाढली.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आणि म्हणूनच मालकांना अधिक जड जाणारी. प्रत्येक हंगामापूर्वी व्यवस्थापनाने समर्थकांच्या संघटनांना बोलावून, कोणते खेळाडू घेतले, कोणते सोडले आणि का, हे समोरासमोर सांगावे. कराराची रक्कम सांगू नये. ती कोणी विचारलेलीही नाही. लिस्टनला का सोडले, मंदारला का थांबवता आले नाही, अव्वल संघाचा प्रशिक्षक तीन सामने उरले असताना का गेला, एवढेच सांगावे. उत्तरे कडू असतील तर फातोर्ड्यावरचे लोक ती ऐकून घेतील. २०१५ च्या अंतिम सामन्याच्या रात्री शेवटच्या दोन मिनिटांत जे त्यांनी पाहिले, त्यानंतरही पुढच्या हंगामात ते तिकिटाच्या रांगेत उभे होते.